पल्लवीच्या लटांचा अंबाडा

पार्लरमध्ये दिवसभर पडलेले केस संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से मात्र झाडले जात नाहीत, ते साचतच जातात! पुसदला एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर वर्षाचं पार्लर आहे आणि तिथेच मी नवरीमुलींना साड्या नेसवून देते. वर्षाच्या हातात केस, माझ्या हातात निऱ्या, आणि दोघींच्याही तोंडाला कुलूप नाही. त्यामुळे दर लग्नसराईत आमच्याकडे नवा साठा तयार होतो. पण ज्या वर्षी पल्लवी आली, त्या वर्षीचे सगळे किस्से एकाच डोक्याभोवती फिरले.

पल्लवी पुसदजवळच्या बंजारा तांड्यावरची. इथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. पुण्यात शिकत असताना तिने केसांचे ड्रेडलॉक्स करून घेतले होते. पेन्सिलीएवढ्या जाड, घट्ट पिळलेल्या, कमरेपर्यंत लोंबणाऱ्या बटा! पार्लरमध्ये त्यांना नाव पडलं ‘लटा’. पल्लवीला याच लटांसकट बोहल्यावर चढायचं होतं. आणि तिच्या होणाऱ्या सासूबाई, शकुंतलाबाई, त्यांना हे केस मांडवात नको होते. म्हणजे त्या अख्ख्या सीझनभर आमच्यापुढे प्रश्न एकच होता: लटा मांडवापर्यंत पोचतात की त्याआधीच कात्री लागते!

लटा वाचवायचं काम वर्षाने अंगावर घेतलं. म्हणाली, “बाईले असे एकाहून एक अंबाडे दाखवतो का तीच म्हणन, राहू दे!”

*

पण वर्षाची आणि पल्लवीची पहिली भेट कशी झाली, ते ऐका.

आमच्या भागात एखाद्या बाईच्या केसांचा आपोआप गुंता होऊन चिकटला, की लोक त्याला देवीची जट म्हणतात. मग त्याला कोणी फणी लावत नाही, कात्री तर नाहीच नाही. उलट हळदकुंकू वाहून पाया पडतात. तर त्या दिवशी वर्षा एका बाईंच्या भुवया करत होती. दातात दोरा, बाईंचे डोळे मिटलेले, आणि दारात पल्लवी उभी. केस मोकळे!

वर्षाच्या दातातला दोरा सुटला. तिने चपला काढल्या, पदर सारखा केला आणि हात जोडले. “या माय, बसा!” ते ऐकून खुर्चीतल्या बाईंनी डोळे उघडले आणि त्यांनीही उठून नमस्कार केला. एक भुवई झालेली, एक राहिलेली!

पल्लवी बिचारी गोंधळली. “ताई, मला केस बांधून हवे होते. उद्या मैत्रिणीचं लग्न आहे.”

“बांधू? पण देवीले विचारलं का?”

“ज्यांनी केले त्यांना विचारलंय. पुण्याला एक ताई आहेत. क्रोशाच्या सुईने करतात.”

वर्षा दोन पावलं पुढे आली. एक लट हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, हुंगलीसुद्धा. रिठ्याचा वास येत होता. केस स्वच्छ धुतलेले, कोरडे, आणि प्रत्येक लट टोकापर्यंत सारखी. वर्षाच्या चेहऱ्यावरची भक्ती उतरली आणि तिथे जे आलं ते मी ओळखते. नवीन डिझाइनचं ब्लाउज बघितलं की शिंप्याच्या तोंडावर येतं ते!

“क्रोशा? अवो, मंग तं हे माह्याच लाइनीतलं काम झालं!”

तेवढ्यात मागून आवाज आला, “वर्षाताई, माही दुसरी भुवई!”

*

काम सोपं नव्हतं बरं! पहिला अंबाडा घातला आणि पल्लवी आरशात बघायला वळली, तर चार यू-पिना सटासट उडाल्या. एक माझ्या चहात पडली. लटांना वजन असतं, पिना त्यांना धरू शकत नाहीत. स्प्रे मारला तर तो आत जाऊन बसतो आणि केस राखेसारखे दिसतात. ओल्या बांधल्या तर कुबट वास येतो, म्हणून समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळीच धुऊन उन्हात वाळवायच्या. हे सगळं आम्ही चुकत चुकत शिकलो.

शेवटी वर्षाच्या लक्षात आलं की पिनांची गरजच नाही. मागच्या दोन लटा दोरीसारख्या घ्यायच्या आणि बाकीचा भार त्यांनीच बांधायचा. त्या दिवशी तिने पल्लवीच्या मानेवर जो अंबाडा घातला, तो मी जन्मात विसरणार नाही. एकात एक गुंफलेले वळसे, मध्ये कुठे फट नाही, आणि सबंध डोक्याला एक पीळदार झळाळी. इतकी वर्षं मी नवऱ्या बघते आहे, पण असा खानदानी अंबाडा कोणाच्या मानेवर बघितला नव्हता.

तो अंबाडा घालून पल्लवी सव्वीस जानेवारीला कॉलेजात गेली. पांढरी साडी, हिरवा काठ, कानात मोती. बाकी काही नाही. प्राचार्यांनी आदल्या आठवड्यात तिला हळूच सांगितलं होतं, “मॅडम, झेंड्याच्या दिवशी जरा केसांचं बघा.” झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं, आणि सर तिच्याच समोर येऊन तिलाच विचारतात, “पल्लवी मॅडम दिसत नाहीत? आजच्या दिवशी पण लेट?”

“सर, मीच!”

सरांनी दोन वेळा चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी सरांच्या मिसेस पार्लरमध्ये हजर! “मले त्या मॅडमसारखाच अंबाडा पायजे.” आणि वहिनींच्या केसांची शेपटी म्हणाल तर माझ्या करंगळीएवढी! वर्षा मोठी गोड बोलते. म्हणाली, “घालून देतो ना वहिनी. फक्त दोन-तीन वर्षं बसा लागन.”

*

मग आलं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. नवरा मुलगा निखिल, शेतकऱ्याघरचा. कापूस, सोयाबीन, तूर, चांगली ओलिताची शेती. मुलगी तांड्यावरची, मुलगा गावातला. त्यावरून दोन्हीकडच्या लोकांना जेवढं बोलायचं होतं तेवढं ते बोलून मोकळे झाले होते. आता बोलायला केस तेवढे उरले होते!

वर्षाने त्या दिवशी कमाल केली. पुढच्या लटा कपाळावरून मागे घेऊन मुकुटासारख्या फिरवल्या आणि बाकीच्या पाठीवर सोडल्या. मोगऱ्याचा गजरा पिनेने लावता येईना, तर गोधडी शिवायच्या सुईने एकेक फूल लटांत ओवलं. पल्लवी पाटावर येऊन बसली आणि मांडवातला गोंधळ एकदम थांबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू!

निखिलकडच्या एक म्हाताऱ्या आत्याबाई कुंकू लावायला पुढे झाल्या. कपाळाला लावलं. मग केसांकडे बघितलं. मग केसांनाही लावलं. आणि धाडकन पल्लवीच्या पायावर डोकं ठेवलं!

झालं! त्यांच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. बायकांची रांगच लागली. कोणी नारळ ठेवतंय, कोणी लेकराला पायावर घालतंय. एकीने तर विचारलंसुद्धा, “माय, माह्या पोराले नोकरी लागन का वो?”

पल्लवी पडली मास्तरीण. म्हणाली, “त्याने अर्ज केलाय का?”

सगळा मांडव हसला. हसल्या नाहीत त्या एकट्या शकुंतलाबाई. त्या रांगेत घुसल्या आणि दोघींना दंडाला धरून उठवलं. “उठा! साऱ्याजनी उठा! सून आहे माही. तिच्या पाया कायले पडता?” असा आवाज की बँडवाल्याने वाजवणं बंद केलं. मग पल्लवीकडे वळून एवढंच म्हणाल्या, “पोरी, लग्नाआधी हे कापून ये. मले मांडवात हे नाई पायजे.”

परत येताना गाडीत पल्लवी रडली. “मंगलाताई, त्यांनी सांगितली ती साडी नेसले, सांगितलं तिथे बसले. केस तेवढे माझे राहू द्या ना!” मला असा संताप आला की त्याच पावली परत जाऊन शकुंतलाबाईंना चार गोष्टी सुनवाव्यात. निखिल चांगला मुलगा, पण आईपुढे त्याचं तोंड उघडेना. आठवड्याने तो पार्लरच्या जिन्यात उभा राहून विचारतो, “वर्षाताई, मी काय करू?”

वर्षा म्हणाली, “तू काई करू नको बाप्पा. केस मी सांभाळतो, तू आईले सांभाळ!”

*

मध्येच एक वेगळाच किस्सा झाला. पल्लवीचे फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरत होते, त्यातला एक यवतमाळला पोचला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक इंजिनिअर आहे, स्वप्निल. त्याच्याही डोक्यावर लटा! त्याच्या भावाचं लग्न होतं आणि फेटेवाल्याने त्याला बघूनच हात वर केले होते. “भाऊ, तुमच्या डोक्याले कपडा पुरत नाई!”

तो थेट पुसदला आला. वर्षाने त्याच्या लटा डोक्यावर चुंबळीसारख्या गुंडाळल्या, आणि फेट्याचं कापड त्यांच्यातूनच आतबाहेर घेत बांधलं. मी तुरा काढला. राजबिंडा दिसत होता पोरगा!

वरातीत डीजे लागला. नाचता नाचता एकेकाचे फेटे सुटले. मामांचा गेला, काकांचा गेला, शेवटी खुद्द नवरदेवाचाही फेटा घोड्याच्या पायात! अख्ख्या वरातीत ताठ फेटा एकाच डोक्यावर. मंडपाच्या दारात नवरीची आई आरतीचं ताट घेऊन उभीच होती. तिने तो फेटा बघितला आणि स्वप्निललाच ओवाळायला सुरुवात केली!

“अवो काकू, मी भाऊ आहो! नवरदेव मांगं आहे!”

त्यावर नवरीच्या आईने म्हणे मागे वळून नवरदेवाच्या उघड्या डोक्याकडे एकदा बघितलं, आणि परत स्वप्निलकडे बघितलं. आरती खाली घ्यायला तिला जरा वेळच लागला!

*

शकुंतलाबाईंचं मन वळवायची मोठी संधी आली ती तांड्यावर. पल्लवीच्या चुलतभावाचं लग्न होतं आणि होणारे व्याही म्हणून निखिलच्या घरच्यांना आमंत्रण होतं. पल्लवीची आई, जिला ती याडी म्हणते, तिने पेटीतून घुगऱ्या काढल्या. घुगऱ्या म्हणजे बंजारा बायका कानाजवळच्या केसांत गुंफतात ते चांदीचे भरीव दागिने. याडी म्हणाली, “आताच्या पोरीच्या केसात हे टिकत नाई. शाम्पूचे केस, सटकून पडते. माह्या मोठ्या पोरीच्या लग्नात एक घुगरी तं वरणात सापडली!”

वर्षाने दोन्ही बाजूंच्या लटा कानावरून घेतल्या आणि त्यांत घुगऱ्या बांधल्या. आणि काय सांगू! चांदी अशी बसली की जणू ती याच केसांची वाट बघत पेटीत पडून होती. पल्लवी चालली की बारीक छुमछुम. तांड्यावरच्या जुन्या बायका उठून आल्या, घुगऱ्या हातात धरून धरून बघायला लागल्या. “घणो आछो! घणो आछो!” याडीचा ऊर नुसता भरून आला होता. पुण्याहून लेक असे केस करून आली तेव्हा हीच याडी दोन दिवस जेवली नव्हती म्हणे.

माझं सगळं लक्ष शकुंतलाबाईंकडे. त्या कितीतरी वेळ पल्लवीकडे बघत होत्या. मग जवळ आल्या. एका लटेला नुसता बोटाने हात लावला आणि हळूच विचारलं, “डोकं जड होते का व पोरी?”

“सवय झाली आता, आई.”

“अन् झोपतांना?”

“झोपताना वर बांधते.”

वर्षाने मला असा चिमटा काढला की दंडावर वळ उठला. “झालं आपलं काम!” मी पण खूश. जेवणं झाली, निरोप झाले, शकुंतलाबाई गाडीत बसल्या. काच खाली केली. म्हणाल्या, “लय सुंदर दिसत होती पोरगी.”

आम्ही दोघी हसलो.

“पण कापून ये म्हणा.” आणि काच वर!

*

लग्न जवळ आलं तरी पल्लवीने केस कापले नव्हते. “मांडवातून परत पाठवलं तर परत येईन,” म्हणाली. निखिलवर जीव होता तिचा. दोन्हीपैकी काहीही गेलं असतं तरी ती मोडली असती.

वर्षाने तयारी थांबवली नाही. तिला आता वेगळीच काळजी. अक्षता! लटांत तांदूळ अडकला तर निघणार कसा? म्हणून एका दुपारी तिने पल्लवीला खुर्चीत बसवलं, मूठभर तांदूळ मला दिले, मूठभर स्वतः घेतले. म्हणाली, “टाक!”

आम्ही टाकले. नुसते काय टाकायचे, म्हणून मी मंगलाष्टकही म्हटलं! तांदूळ असे आत जाऊन बसले की ते क्रोशाच्या सुईने उकरताना संध्याकाळ झाली. पण ते नंतर. ऐन “सावधान”ला दारात खालचे मेडिकलवाले काका उभे. सुट्टे मागायला आले होते. खुर्चीत पल्लवी, दोन्हीकडून तांदूळ उधळणाऱ्या आम्ही दोघी. काकांनी सगळ्या पार्लरभर नजर फिरवली.

“लागलं लग्न? अन् पोरगं कोठी आहे?”

त्याच दिवशी ठरलं की लटांवर मोगऱ्याची दाट जाळी घालायची. तांदूळ वरच्या वर घरंगळून जातील. वर्षाचं डोकं म्हणजे डोकं आहे! हळदीलाही तिने लटा माझ्या जुन्या सुती ओढणीत अशा करकचून बांधल्या की पल्लवी नखशिखांत पिवळी झाली, पण एका लटेला डाग नाही.

*

आणि लग्नाच्या आदल्या दिवशीची दुपार. पल्लवी मेंदीचे हात पसरून आरशासमोर बसली होती. धुतलेल्या लटा खुर्चीमागे सोडलेल्या. वर्षा उद्याच्या अंबाड्याची शेवटची तालीम घेत होती, मी शालूला फॉल लावत होते. जिन्यात पावलं वाजली. खिडकीतून बघितलं तर रस्त्यावर निखिलची गाडी, आणि जिना चढत शकुंतलाबाई. एकट्या!

“कात्र्या लपव!” वर्षा म्हणाली. मी टेबलावरच्या सगळ्या कात्र्या उचलून शालूच्या घडीत कोंबल्या आणि वर स्वतः बसले. पल्लवीने आरशातच डोळे मिटून घेतले.

शकुंतलाबाई आत आल्या. मी उठून पल्लवीच्या खुर्चीमागे उभी राहिले. मनात म्हटलं, आज काय व्हायचं ते होऊ दे, या बाईला पुढे येऊ देणार नाही.

“कात्री कोठी आहे?” त्यांनी विचारलं.

वर्षा म्हणाली, “धार लावाले देली, काकू.”

“बरं झालं.”

त्यांनी पार्लरचं दार लोटलं. पल्लवीच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. पदर खांद्यावर घेतला आणि दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा सोडला. पांढरे केस खांद्यावर पडले. आणि त्यांच्या मधून, अंगठ्याएवढी जाड, एकच एक जट सुटली ती थेट खुर्चीच्या बैठकीपर्यंत आली.

पल्लवीने डोळे उघडले होते. शकुंतलाबाई आरशात तिच्याकडे बघत नव्हत्या, वर्षाकडे बघत होत्या.

“लोक पाया पडतीन म्हणून जलमभर लपवली. इले बांधून देते तसं,” त्या म्हणाल्या, “माह्यं बसते का?”

वर्षाने ती जट तळहातावर घेतली. “बसते ना काकू. काहून नाई बसत?”

पल्लवी खुर्चीतून उठली. ओल्या मेंदीचं भान तिला राहिलं नाही. सासूबाईंच्या मागे येऊन उभी राहिली, आणि वर्षाने हातातली जट तिच्या हातात दिली. मग मला म्हणाली, “मंगला, गजरेवाल्याले फोन लाव. उद्यासाठी एक नाई, दोन जाळ्या पायजेत म्हणा.”